गुणिले शंभर : परदेशी निघालेल्यांसाठी तक्ता मांडण्याचा विधी

परदेशी नोकरीचं पत्र आलं की पहिल्या रात्री पेढे आणि दुसऱ्या रात्री एक्सेल, हा क्रम आता शास्त्रसंमत मानायला हरकत नाही. प्रस्तुत मार्गदर्शन दुसऱ्या रात्रीपुरतं आहे. नमुन्यादाखल पुण्याहून म्युनिकला निघालेला संगणक अभियंता घेतला आहे. असा एक तरी हल्ली प्रत्येक सोसायटीत निघतो, आणि त्याचा तक्ता त्याच्याआधी त्याचे काका तपासतात. काकांकडे एकच अस्त्र असतं : युरो गुणिले शंभर. युरोने शंभरी गाठल्यापासून त्यांना कॅल्क्युलेटरही लागत नाही, दोन शून्यं चिकटवली की काम झालं. वर्षाला साठ हजार युरो म्हणजे साठ लाख, म्हणून काका सकाळी खूश. पंचवीस युरोची हजामत म्हणजे अडीच हजार, म्हणून काका संध्याकाळी हवालदिल. एकाच गुणाकाराने माणूस सकाळी कुबेर आणि संध्याकाळी कफल्लक होत असेल, तर दोष माणसात नसून गुणाकारात आहे, एवढं तरी विद्यार्थ्याने मनाशी पक्कं करावं.

पगाराचा रकाना भरण्याआधी त्यातून काय जातं ते पाहावं. जर्मनीत निवृत्तिवेतनासाठी पगाराच्या १८.६ टक्के आणि आरोग्य विम्यासाठी १४.६ टक्के अधिक विमा संस्थेचा जादा आकार कापतात. यातला निम्मा भार मालक उचलतो, निम्मा तुम्ही. वर आयकर. साठ हजारांच्या पगारावर अविवाहिताच्या हातात साठ-बासष्ट टक्के पडतात. हे ऐकून काका ‘लूट’ हा शब्द उच्चारतात. त्यांना शांतपणे सांगावं की त्याच हप्त्यात न कमावणारी बायको आणि मुलं विम्याखाली येतात, जादा पैसे न भरता. ‘पॅकेज किती?’ असं विचारणाऱ्या इतर नातेवाइकांना मात्र काहीच सांगू नये.

आता मुख्य विधी. दूध आणि हजामत, या दोनच नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात. पुण्यात लिटरभर दूध साठ-सत्तर रुपयांना मिळतं, म्युनिकच्या स्वस्त दुकानात युरोच्या आसपास, म्हणजे काकांच्या हिशेबाने शंभर. फरक दीडपट. लॅपटॉप, फोन जवळपास सारख्याच किमतीचे. पण गल्लीतल्या सलूनमध्ये दीडशेत होणारी हजामत तिथे पंधरापटीहून महाग. दूध दीडपट आणि हजामत पंधरापट असेल, तर महागाई सगळीकडे सारखी पसरलेली नाही, ती एका ठराविक जागी गोळा झाली आहे. ती जागा म्हणजे दुसऱ्या माणसाचा वेळ. बेला बलासा आणि पॉल सॅम्युएल्सन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६४ साली स्वतंत्रपणे हेच मांडलं. जगभर ने-आण करता येणाऱ्या वस्तूंच्या किमती एकमेकींच्या जवळ येतात. न्हाव्याची कात्री मात्र बोटीने पाठवता येत नाही, त्यामुळे ज्या देशात एकूण मजुरी चढी असते तिथे हजामतही चढते. ‘द इकॉनॉमिस्ट’ने १९८६ पासून चालवलेला बिग मॅक निर्देशांकही चलनांचे भाव असेच तपासतो. भारतात बिग मॅक हा गोमांसाचा बर्गर विकला जात नाही, म्हणून तिथे महाराजा मॅक धरतात. वडापाव धरला असता तर आकडे अधिक झोंबले असते.

तेव्हा ‘पुणं स्वस्त आहे’ हे वाक्य अपुरं आहे. पुण्यात माणूस स्वस्त आहे. धुणं-भांड्याच्या मावशी, पोळ्यांच्या काकू, इस्त्रीवाला, गाडी पुसणारा, दारात किराणा टाकून जाणारा पोरगा आणि रात्री गेटवर पेंगणारा वॉचमन, एवढ्या लोकांच्या पगारात जेवढी कपात आहे तेवढी आपली बचत आहे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तक्ता प्रामाणिक हवा असेल तर लिहावं लागतं. म्हणून देशांचे दोन रकाने करण्याऐवजी ‘वस्तू’ आणि ‘दुसऱ्याची मेहनत’ असे दोन रकाने करावेत. जर्मनीत २०२५ साली किमान वेतन ताशी १२.८२ युरो होतं. रोज एक तास घरकामाला बाई ठेवली तर महिन्याला सुमारे ३८५ युरो होतात. पुण्यात एवढ्यात मावशी, काकू आणि इस्त्रीवाला भागून वर काकांना दर रविवारी बासुंदी घालता येईल. म्युनिकमध्ये ती बाई म्हणजे तुम्हीच. भाड्याच्या घरात पुष्कळदा स्वयंपाकघरच नसतं, म्हणजे ओटा, सिंक, शेगडी सगळं आपण आणायचं आणि बसवायचं. सुताराला बोलावण्याआधी त्याचा ताशी दर विचारावा. तो ऐकला की स्क्रू कसा पिळायचा हे आपोआप येतं.

यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप असा : ‘पैसे शेवटी पुण्यालाच पाठवायचे, फ्लॅट हडपसरलाच घ्यायचा, मग शंभराने गुणलं तर चुकलं कुठे?’ आक्षेप योग्य आहे. महिनाअखेर उरलेल्या रकमेला खुशाल शंभराने गुणावं, कारण ती खरोखर रुपयांत खर्च होणार आहे. गुणाकार फक्त तिथेच चालतो. म्युनिकमध्ये प्यायलेल्या कॉफीला शंभराने गुणणारा माणूस कॉफीही पीत नाही आणि फ्लॅटही लवकर घेत नाही, नुसता चिडचिडा होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पुणं स्वस्त म्हणताना आपण अर्धी बिलं घरीच विसरतो. पाण्याचे टँकर, इन्व्हर्टर, मुलांच्या खासगी शाळेची फी, त्या शाळेत जे शिकवलं नाही त्याचा क्लास, मेडिक्लेम आणि हिंजवडीच्या रस्त्यावर जाणारं आयुष्य, हे सगळं पुण्याच्या रकान्यात यायला हवं. जर्मनीत सरकारी शाळेला फी नाही, आणि २०२५ साली ५८ युरोच्या मासिक तिकिटावर देशभरच्या शहरबस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्यांतून फिरता येत होतं. म्हणजे तिथे सार्वजनिक गोष्ट स्वस्त आणि खासगी मेहनत महाग, इथे नेमकं उलटं. आक्षेपाने मूळ मुद्दा खोडला जात नाही, उलट घट्ट होतो.

घरभाड्याबाबत थोडक्यात : म्युनिक हे जर्मनीतलं सर्वांत महाग भाड्याचं शहर आहे, आणि जाहिरातीतलं ‘थंड’ भाडं पाहून हुरळू नये. त्यात हीटिंग, पाणी, कचरा मिळवला की ‘गरम’ भाडं होतं, आणि भरायचं तेच असतं. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या थंड भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. अकरा महिन्यांच्या कराराची सवय मोडावी, तिथले करार सहसा बेमुदत असतात. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा. रात्री दहानंतर मिक्सर लावू नये.

रविवारी दुकानं बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला तिथल्या राज्यघटनेचं संरक्षण आहे, त्यामुळे शनिवारी रात्री आठला कोथिंबीर संपल्याचं लक्षात आलं तर घटनादुरुस्तीची वाट पाहावी. ‘दहा मिनिटांत घरपोच’वर पोसलेल्या पिढीला हे मध्ययुगीन वाटतं. पण त्या दुकानातली बाईही रविवारी घरी असते. कोथिंबीर महाग का, याचं अर्धं उत्तर तिथेच आहे. डिसेंबरात म्युनिकला साडेचारच्या आत सूर्य मावळतो, याला मात्र कुठलाही रकाना नाही आणि कुठल्याही अर्थशास्त्रज्ञाने त्यावर काही सुचवलेलं नाही.

शेवटची नोंद सगळे गाळतात. पुण्याच्या तक्त्यात मूल सांभाळण्याचा खर्च शून्य असतो, कारण ते काम आजी करते. जर्मनीत वर्षाच्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क २०१३ पासून आहे. हक्क असतो, जागा असतेच असं नाही. मग आजीला बोलावतात. पर्यटक व्हिसावर तिला १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं आणि किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. विमान, विमा आणि गुडघ्याच्या गोळ्या खर्चाच्या रकान्यात लिहाव्यात. तिच्या तासांना १२.८२ने गुणून पाहावं, काकांसमोर नको. मेहनतान्याचा रकाना मोकळा सोडला तरी चालेल, तो पुण्यातही मोकळाच होता.