उतरवायचा कोणी?

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, रस्त्याकडेला स्वेटरची दुकानं लागली. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मात्र १५ ऑगस्ट अजून चालूच आहे.

लावताना माणसांची वाण नव्हती. दोरी कुणी ओढायची, यावरून अध्यक्ष आणि माजी अध्यक्ष आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. शेवटी दोघांनी मिळून ओढली. त्यामुळे गाठ सुटायच्या ऐवजी आवळली, आणि तिसऱ्या हिसक्याला सगळ्या पाकळ्या दोघांच्याच टकलांवर उतरल्या. फोटो छान आले. मग तर्री-पोहे झाले. तर्री कमी पडली, त्यावरून बी-विंगनं थोडा असंतोष व्यक्त केला. मग सगळे घरी गेले आणि झेंडा एकटा राहिला.

संध्याकाळी तो उतरवायचा असतो, असं शाळेत शिकलेल्या एका काकूंनी विचारून पाहिलं. सचिवांनी खिशातून मोबाइल काढला. जुलै २०२२ मध्ये ध्वजसंहिता बदलली, घरावरचा झेंडा आता रात्रीही फडकत ठेवता येतो. खरं आहे, येतो. सचिवांनी त्या एका रात्रीचे बाराही महिने केले.

आता तो कसा दिसतो ते सांगतो. अर्धा डिशच्या छत्रीला गुंडाळलाय. केशरी उडून फिक्कट पिवळा झाला, हिरव्या पट्टीची शिवण उसवून धागे लोंबतायत. चक्राचे चोवीस आरे तेवढे शाबूत, कारण शाई चांगली होती. हातानं विणलेल्या खादीचा असता तर दोन पावसांत त्यानं स्वतःहून राजीनामा दिला असता. पण ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टर चालतं, आणि पॉलिस्टरला मरण नाही. दिवाळीत त्याच काठीला आकाशकंदील बांधला. झेंड्याच्या वर काही असू नये असा नियम आहे. कंदील दोन वीत वर होता आणि त्याच्यावर बिल्डरची जाहिरात होती.

शेवटी विषय मीटिंगमध्ये आला. उतरवू या, असं एकमतानं ठरलं. उतरवून त्याचं काय करायचं, इथे गाडी अडली. संहिता म्हणते, फाटका-विटका झेंडा एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून पूर्णपणे नष्ट करावा. एकांत! अठ्ठेचाळीस फ्लॅट, सोळा कॅमेरे, आणि तळमजल्यावरच्या आजी, ज्यांना कुणाकडे किती वाजता दूध आलं हे कॅमेऱ्याच्या आधी कळतं. अशा ठिकाणी तुम्ही हातात झेंडा आणि काडेपेटी घेऊन गच्चीवर जाऊन दाखवा. कोषाध्यक्ष म्हणाले, जाळायला हरकत नाही, पण व्हिडिओ निघाला तर? कुणीतरी १९७१ चा कायदा वाचून दाखवला: लोकांसमोर जाळला तर तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे चारचौघांत काडी लावली तर देशद्रोही, एकांतात लावली तर नियमाचा पाईक, आणि आमच्या गच्चीवर या दोहोंत एका पाण्याच्या टाकीचं अंतर. टाकीमागे जाळावा, अशी सूचना आली. टाकी सोसायटीची, धूर लागला तर रंगाचा खर्च कुणाचा, असा प्रतिप्रश्न आला. मग सगळ्यांच्या नजरा, जशा नेहमी वळतात तशा, वॉचमनकडे वळल्या. तो म्हणाला, ‘‘मी नाई हात लावत साहेब. तुमाले काई होनार नाई, फोटो माहाच निंगन.’’ साडेतीन तासांच्या मीटिंगमध्ये शहाणपणाचं वाक्य हे एवढंच झालं.

आणि हे कुठे, तर नागपुरात. १ मे १९२३ पासून याच गावातून झेंडे घेतलेल्या लोकांच्या तुकड्या रोज सिव्हिल लाइन्सकडे निघत. साहेबांच्या वस्तीतून झेंडा न्यायला बंदी होती. मे महिन्यातलं नागपूरचं ऊन काय असतं ते ज्याच्या डोक्यावर पडलंय त्यानं आठवावं. लोक चालत, वाटेत अडवले जात, धरले जात, दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी निघे. गुजरातेतून, बिहारातून माणसं गाड्या भरून आली, दीड हजारांहून जास्त तुरुंगात गेली. १८ ऑगस्टला मिरवणूक झेंड्यासकट सिव्हिल लाइन्समधून गेली तेव्हा हा झेंडा सत्याग्रह थांबला. आणि तो झेंडा कोणता? वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, त्यावर चरखा. केशरी वर यायला १९३१ उजाडावं लागलं, चक्र यायला २२ जुलै १९४७. आमच्या ग्रुपवर दर ऑगस्टला ‘झेंड्याचा गौरवशाली इतिहास’ फिरतो. त्यात अशोकचक्र सत्याग्रहाच्या आधीपासून आहे, नागपूर मात्र कुठेच नाही. पाठवणारा राहतो सिव्हिल लाइन्सला लागून, सदरमध्ये!

१९२३ च्या त्या माणसांना एवढंच ठाऊक होतं की झेंडा हातात धरायचा असतो. हातात धरलेला झेंडा खाली पडू द्यायचा नाही, हे सांगायला परिपत्रक लागत नाही. आम्ही तो हातात धरतच नाही, केबल टायनं आवळतो. डिव्हायडरच्या रेलिंगला, दिव्याच्या खांबाला, ऑटोच्या आरशाला. सप्टेंबरात झेंडे नाल्यात जातात आणि टाय खांबाला राहतात. पुढच्या वर्षी नवे टाय त्यांच्या वर. पंधरा ऑगस्टला पहाटे बुलेटचा सायलेन्सर फोडत फुटाळा तलावावर चकरा मारणाऱ्या बहाद्दरांना कुणीतरी सांगा, रस्त्यात पडलेला झेंडा उचलायला गाडीवरून खाली उतरावं लागतं. गाडी बंद केली तरी चालेल. तेवढ्यानं देश बुडत नाही.

मीटिंगचा निर्णय कळवायचा राहिला. २६ जानेवारीसाठी फ्लॅटमागे शंभर रुपये वर्गणी ठरली आहे. नवा झेंडा आधीच्यापेक्षा मोठा येईल. काठीही नवीच घ्यावी लागेल, कारण पहिली रिकामी नाही.