सातारा-सांगलीत ब्रँड व्हायचे असेल तर

ब्रँड होऊ पाहणाऱ्या नेत्याने सर्वप्रथम नाते मिळवावे. जन्मदाखल्यावरचे नाव या दोन जिल्ह्यांत उमेदवारी अर्ज भरण्यापुरतेच लागते. वसंतराव पाटलांचे दादा झाले, राजाराम पाटलांचे बापू, आर. आर. पाटलांचे आबा. रिकामे नाते हेरून स्वतःला चिकटवले आणि फ्लेक्सवर पन्नास शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो लावले, तरी ते टिकत नाही. हाक गावाने मारावी लागते. मुरलेले नाते मात्र साखर कारखान्याच्या पाटीवर चढते आणि ‘यंदा ऊस राजारामबापूला घातला’ असे शेतकरी सहज बोलून जातो. कोणत्याही एजन्सीला एवढी जाहिरात जमायची नाही.

नंतर खूण. उदयनराजे भोसले दोन बोटांत कॉलर धरून उडवतात आणि शिट्ट्या पडतात. खर्च फक्त इस्त्रीचा. पण खुणेने गर्दी जमते; बटण दाबताना माणूस वेगळा हिशेब मांडतो. मे 2019 मध्ये ही कॉलर लोकसभेला सव्वा लाखाच्या फरकाने जिंकली आणि पक्ष बदलल्यावर ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांकडून सुमारे 87 हजारांनी हरली. कोणी म्हणेल, हा 18 ऑक्टोबरच्या पावसाचा प्रताप. शरद पवार साताऱ्यात भिजत बोलले आणि तो व्हिडिओ राज्यभर फिरला, हे खरेच. मात्र भिजण्याचा सराव सुरू करण्याआधी ते भाषण नीट ऐकावे. लोकसभेला उदयनराजेंना उमेदवार निवडताना आपली चूक झाली, असे पवार त्यात म्हणाले होते. नेमकी ही पायरी बहुतेक इच्छुक गाळतात.

मग खुणेच्या भानगडीत न पडता कामच करावे, असा आक्षेप येईल. आबांनी केलेच की: ग्रामस्वच्छता अभियान, तंटामुक्ती. तरी 26/11 च्या हल्ल्याला किरकोळ ठरवणाऱ्या एका वाक्याने 2008 मध्ये त्यांचे गृहमंत्रिपद गेले. मुंबईत ब्रँडला तडा गेला, त्यांच्या तासगाव मतदारसंघाने मात्र 2009 आणि 2014 मध्ये त्यांनाच निवडून दिले. मुंबईच्या लेखी ते वाक्य मंत्र्याचे होते. तासगावात घरच्या माणसाची जीभ घसरली होती. सांगलीचा 2024 चा लोकसभेचा निकालही पाहावा. डबल महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील तिसरे आले आणि वसंतदादांचे नातू विशाल पाटील अपक्ष लढून, लिफाफा चिन्हावर, लाखाच्या फरकाने जिंकले. नवख्याने निराश होऊ नये. पुढच्या जन्मी आजोबा पारखून घ्यावेत. त्याच निवडणुकीत साताऱ्यात उदयनराजे पुन्हा जिंकले, सुमारे 32 हजारांनी. कॉलर तीच होती.