मोकळेपणाने बोला, सर ऐकताहेत

गेर्ट हॉफस्टीड या डच अभ्यासकाने १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या देशोदेशींच्या कर्मचाऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि वरिष्ठ-कनिष्ठांमधलं अंतर मोजलं. डेन्मार्कला १८ गुण, भारताला ७७. (एका कंपनीवरून आख्खा देश जोखायचा, हाही साहेबी खाक्याच.) आपल्याकडे प्रश्नावली कशाला हवी होती? साहेबांच्या खुर्चीवरचा टॉवेल बघितला की भागतं.

हिंजवडीतल्या आयटी कंपनीत टॉवेल नाही, केबिनही काढून टाकली. ‘इथे कोणी बॉस नाही, मोकळेपणाने बोला,’ असं साहेब सांगतात आणि सगळे एका सुरात म्हणतात, ‘हो सर.’ मग शांतता. एखादी धीराची मुलगी म्हणते, ‘एसी जरा जास्त होतोय.’ ‘मला तर बरा वाटतोय,’ साहेब म्हणतात. स्वेटरच्या बाह्या खाली ओढत दोनतीन जण लगेच दुजोरा देतात.

खरी मिटिंग खाली चहाच्या टपरीवर. काम मुदतीत का होणार नाही, हे तिथे ट्रेनीलाही तोंडपाठ असतं. कॉलवर डॅनिश क्लायंट नेमकं त्यालाच विचारतो. तो साहेबांकडे बघतो. साहेब म्हणतात, ‘शंभर टक्के होईल.’

मार्चच्या अप्रेझलमध्ये ट्रेनीला शेरा मिळतो: पुढाकार कमी पडतो.