पाव युनिटाचा घाट

विजेवरची सायकल बाळगणाऱ्याला दोन प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ असावी लागतात. ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ हा पहिला. ‘मग व्यायाम कसला होतो?’ हा दुसरा. पहिला विचारणारा मनातल्या मनात स्कूटरचा हिशोब करत असतो. दुसरा विचारणारा शाळा सुटल्यापासून सायकलवर बसलेला नसतो, पण त्याला आपल्या तब्येतीची फार काळजी.

माझी सायकल खाली वळलेल्या हँडलची आणि बारीक टायरची, म्हणजे रोड बाइक. मोटार मागच्या हबमध्ये आणि बॅटरी फ्रेमच्या खालच्या नळीच्या पोटात, त्यामुळे लांबून काही कळत नाही. हे न कळणं कधीकधी अंगाशी येतं. 2016 साली बेल्जियममधल्या झोल्डरला सायक्लोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत एका खेळाडूच्या सायकलीत लपवलेली मोटार सापडली आणि त्या खेळाडूवर सहा वर्षांची बंदी आली. माझ्यावर बंदी घालायला कोणी बसलेलं नाही. तरी चढावर एखाद्या तरण्या पोराला मागे टाकलं की मीच आधी ओरडून सांगतो, ‘मोटार आहे रे!’ पोराच्या चेहऱ्यावरचा ताण उतरतो. माझाही.

सपाटीवर मात्र मोटारीचा उपयोग शून्य, आणि हे कोणाला पटवून देणं महाकठीण. आपल्याकडे 250 वॅटच्या मर्यादेतली मोटार असली आणि ताशी 25 किलोमीटरला तिची मदत बंद झाली, की कायद्याच्या लेखी ते मोटार वाहन ठरत नाही. लायसन नको, नंबरप्लेट नको. नियम शहाणपणाचाच आहे. गंमत अशी की बारीक टायरची सायकल चांगल्या सपाट रस्त्यावर सवयीच्या पायांनी 26-27 ने जाते. म्हणजे जिथे मी जोरात असतो तिथे मोटार झोपलेली असते, आणि तिचं नि बॅटरीचं साडेतीन किलो वजन मी ओढत असतो. पैसे मोजून तिला फिरवून आणायचं, असा हा प्रकार.

तिची खरी जागा घाटात. कोंढव्यातून बोपदेव घाट चढून सासवडला जायचं आणि दिवे घाट उतरून परत यायचं, हा पुण्यातल्या सायकलवाल्यांचा ठरलेला वळसा. (माऊलींच्या पालखीबरोबर माणसं जो घाट पायी चढतात तो आपण नुसता ब्रेक दाबत उतरायचा, याची दर वेळी थोडी लाज वाटते.) बोपदेव चढताना वेग दहा-बाराच्या घरात आला की मागून कोणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं होतं. पायडल मारावंच लागतं, घामही येतो, फक्त छाती फुटत नाही. वर पोचल्यावर बोलायला श्वास शिल्लक असतो, आणि सासवडला मिसळ समोर आल्यावर ती खायची ताकदही.

तिथेच एकदा सीताफळांच्या पाट्या उतरवणाऱ्या एका आजोबांनी सायकल खालीवर न्याहाळून विचारलं, ‘आवं, ब्याटरी हाय नव्हं? मग पाय कशापायी हलवताय?’ मी समजावलं की पाय हलवले तरच मोटार चालते. ते म्हणाले, ‘म्हंजी बैलाबरूबर आपण बी वढायचं.’ यंत्राचं याहून नेमकं वर्णन मी कुठल्याही माहितीपत्रकात वाचलेलं नाही.

जाणकारांची नाकं मुरडणं मी मनावर घेत नाही, कारण त्याला परंपरा आहे. टूर द फ्रान्स सुरू करणाऱ्या आंरी देग्रांजला गिअरसुद्धा खपत नसत. गिअर म्हणजे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची सोय, असं त्याचं मत. 1903 साली सुरू झालेल्या त्या शर्यतीत साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळाली 1937 साली. मी पंचेचाळिशी केव्हाच ओलांडली, तेव्हा देग्रांजच्या नियमानेही मी सुटतो.

सोसायटीचा नियम अधिक कडक निघाला. पार्किंगमधल्या प्लगवर चार्जर दिसल्याबरोबर सेक्रेटरींनी वीजचोरीच्या सुरात विचारणा केली. माझी बॅटरी 250 वॅट-तासांची, म्हणजे पाव युनिट. एवढ्या विजेवर दीड हजार वॅटची इस्त्री दहा मिनिटं चालते, सेक्रेटरींचे दोन शर्ट जेमतेम. शंभर किलोचा ऐवज, म्हणजे सायकलसकट मी, दोनशे मीटर वर उचलायला निव्वळ 55 वॅट-तास पुरतात, हेही मी कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी कागद फाइलला लावला आणि प्लग काढून टाकला. तेव्हापासून सायकल लिफ्टमध्ये मागच्या चाकावर उभी राहून माझ्याबरोबर घरी येते.

एरवी तिची काही तक्रार नसते. साखळी झिजते, ब्रेकपॅड पावसाळ्यात भराभर जातात. साध्या सायकलीचंही तेच. फक्त मागचं चाक पंक्चर झालं की पंचाईत. ते झटक्यात निघत नाही. आधी मोटारीच्या वायरचा जोड सोडवायचा, मग पान्याने दोन्हीकडचे नट. परत लावताना जोडावरचे दोन बारीक बाण समोरासमोर आणायचे, नाहीतर आतल्या पिना वाकतात. सासवड रोडच्या पंक्चरवाल्याने वायर पाहून हात मागे घेतला. ‘शॉक लागंल का?’ 36 व्होल्ट, काही होत नाही, म्हटलं. तो म्हणाला, ‘मग तुम्हीच आधी धरा.’ मी धरली. मला काही झालं नाही हे नीट बघून त्याने पान्याला हात घातला आणि पंक्चरचे नेहमीपेक्षा दहा रुपये जास्त लावले, वायरचे म्हणून.

आता बॅटरी उतरणीला लागली आहे. वरच्या दांड्यावरच्या बटणाचा दिवा पांढऱ्याचा हिरवा, नारिंगी आणि लाल होत जातो. पूर्वी नारिंगी व्हायला सासवड मागे पडावं लागे. हल्ली बोपदेवच्या माथ्यावरच होतो. लिथियमची बॅटरी वापरा किंवा ठेवून द्या, म्हातारी होतेच. भरून ठेवली तर जरा लवकर, म्हणून मी ती निम्मी भरून ठेवतो. माझ्या उजव्या गुडघ्याचंही साधारण त्याच काळात बिनसलं, म्हणून दोन्ही बदलण्याचे भाव विचारून ठेवले. गुडघ्याचा आकडा डॉक्टरांनी तिथल्या तिथे सांगितला, खोलीच्या दरासकट. बॅटरीवाले म्हणाले, माल बाहेरून येतो, कळवतो.