डाकूंचे दिवस फिरले

पुण्यातल्या बायका उन्हाळ्यात दुचाकीवर निघाल्या की डोळे सोडून काही दिसत नाही. डोक्यातोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट, हातात कोपरापर्यंत मोजे. या वेशावर आमच्या पुरुषवर्गाने वर्षानुवर्षं विनोद केले. चंबळचे डाकू काय, चौकात सख्ख्या बायकोला न ओळखणारे नवरे काय!

आता त्याच पुरुषवर्गाला ट्रेकिंगचा नाद लागलाय. मे महिन्यात सिंहगड चढायचा म्हणून तो दुकानात कपडे बघायला जातो, तर सेल्समन त्याच्यापुढे काय टाकतो? टोपडं असलेला, पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट. बाहीला अंगठा अडकवायला भोक. मानेपासून नाकापर्यंत चढवायची कापडी नळी. शिवाय हातांना सुट्या बाह्या. म्हणजे सनकोट, स्कार्फ, मोजे. रंग तेवढा राखाडी आणि किंमत चार आकडी. याला कुणी डाकू म्हणत नाही. याला 'गिअर' म्हणतात.

लेबलावर 'यूपीएफ ५०' लिहिलेलं असतं आणि ते थोतांड नाही, हे कबूल केलं पाहिजे. उन्हातल्या अतिनील किरणांचा पन्नासातला एकच भाग कापडातून आत येतो, असा त्याचा अर्थ. हे मोजायचं प्रमाण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने १९९६ साली ठरवलं. आपला तलम पांढरा सुती टी-शर्ट या परीक्षेत सहसा नापासच होतो, आणि घामाने भिजून अंगाला चिकटला की होते तेही मार्क जातात. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड जास्त किरणं अडवतं.

गडद रंगाने उकडेल म्हणता? वाळवंटातले बेदुइन काळे झगे का घालतात, यावर १९८० साली 'नेचर'मध्ये एक शोधनिबंध आला होता. झगा काळा असो की पांढरा, माणसाच्या अंगाला लागणारी उष्णता सारखीच निघाली. कारण झगा ढगळ, आत वारा खेळता. पण ढगळ म्हटल्यावर आमचा वीर तोंड वाकडं करतो. त्याला 'स्लिम फिट'च हवा. जिमला भरलेले पैसे दिसायला नकोत?

वजनाचा ध्यास तर विचारूच नका. शंभर ग्रॅमचा शर्ट घ्यावा की एकशे वीसचा, यावर दुकानात अर्धा तास खल. मग घरी येऊन सॅकमध्ये ट्रायपॉड, स्पीकर, दोन पॉवर बँका. पाण्याची बाटली मात्र एकच. वजन होतं ना!

आतकरवाडीच्या वाटेवर दह्याची मडकी घेऊन बसलेल्या मावशींच्या अंगात साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट असतो. गडद निळा, दोन माप मोठा, वरचं बटण वेगळ्याच रंगाचं. डोक्यावरून पदर. बेदुइनांचा निबंध त्यांनी वाचलेला नसावा. वीर धापा टाकत समोर येतो, नळी नाकाखाली ओढून दही मागतो. मावशी त्याच्याकडे निरखून बघतात.

"दादा, दाढ दुखतीया व्हय?"

वीर यूपीएफ समजावून सांगतो. मावशी ऐकून घेतात आणि दह्यात साखर घालू का विचारतात.

पुण्यात मेच्या मध्यावर एक दिवस सूर्य अगदी डोक्यावर येतो, साडेबाराच्या सुमारास सावली पायाखाली गडप होते. नेमका त्याच आठवड्यात, त्याच वेळी वीर गडावर पोचतो, कारण निघतानाच मिसळीने उशीर झालेला. आता फोटो. टोपड्याने केस बसतात, म्हणून टोपडं मागे. चेहरा दिसायला हवा, म्हणून नळी खाली. दंडावरचा टॅटू झाकला जातो, म्हणून सुट्या बाह्या सॅकमध्ये आणि शर्टाच्या बाह्या खांद्यापर्यंत वर. पैसे वसूल व्हावेत म्हणून छातीवरचं कंपनीचं चिन्ह तेवढं कॅमेऱ्याकडे. चांगला फोटो येईपर्यंत वीस मिनिटं.

लाइक रविवारी रात्रीच येतात. नाकाचं साल बुधवारपासून निघायला लागतं.