काका निघाले वेळासला

पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांपैकी अर्धे म्हणजे नाना फडणवीस. उरलेले अर्धे आमच्या सोसायटीत, बी विंगमध्ये राहतात. त्यांना सगळे काका म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. यंदा फाल्गुनात काका नानांच्याच गावाला, वेळासला निघाले. कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात ती बघायला. पुण्याहून रस्ता जेमतेम दोनशे किलोमीटरचा. काकांची तयारी माघात सुरू झाली.

असे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. पार्किंगमधून जाता जाता ते दुसऱ्याच्या टायरला पायाने हळूच दाबून बघतात आणि काही न बोलता मान हलवतात. त्या मान हलवण्याने गाडीचा मालक रात्रभर तळमळतो.

टायर हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. टायरच्या कडेला बारीक अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. काका ते पत्रिकेसारखे वाचतात. "अठ्ठाविसावा आठवडा, सन २०१६. जावईबापू, याला घाट सोसायचा नाही." ऊन वाढलं की हवा कमी ठेवावी असं मानणाऱ्यांशी त्यांचं जुनं वैर आहे. हवा दाराजवळच्या स्टिकरवर लिहिली असेल तेवढीच, आणि मोजायची ती सकाळी, टायर गार असताना. त्यासाठी त्यांनी स्वतःचा गेज घेतलाय. पंपावरच्या मशीनवर काकांचा विश्वास नाही; पंपावरच्या पोराचा काकांवर नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी स्टेपनी बदलण्याची रंगीत तालीम झाली. रात्री नऊला, पार्किंगचे दिवे घालवून. "टायर उजेडातच पंक्चर होईल असं कुणी लिहून दिलंय का?" काकूंच्या हाती टॉर्च, नातवाकडे लाल त्रिकोण, आणि वॉचमनला समोरून येणाऱ्या ट्रकची भूमिका. जावई हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी आत्मविश्वासाने जॅक लावून गाडी उचलली, मग नटाला पाना लावला. नट हलेना, चाकच पान्याबरोबर फिरायला लागलं. "आधी नट सैल, मग जॅक!" काका ओरडले. ट्रक हसला. शेवटी स्टेपनी बाहेर काढली तर तिच्यात हवा नऊ पौंड. काकांना इतकं खूश मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

बाकीची तयारी किरकोळ. गाडीचे कागद डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात हे काकांना ठाऊक आहे. तरीही झेरॉक्सचे तीन संच, कारण मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही. ताम्हिणीत रेंज जाते म्हणून रस्ता वहीत लिहिलेला: पौड, मुळशी, निजामपूर, माणगाव, मंडणगड. कोकणात शिमग्याचे दिवस, पोरं दोरी आडवी धरून पोस्त मागणार, म्हणून डब्यात दहाची नाणी. बसायच्या जागा कुणाला गाडी किती लागते त्यावरून ठरल्या. मी अजून एकदाही ओकलो नाही म्हणून मला मागची मधली जागा मिळाली, आलेपाकाच्या पुड्यांसकट. दशम्या आणि चटणी काकूंनी आपल्या मनाने घेतली होती. ती यादीत नव्हती, आणि सर्वांत आधी तीच संपली.

पाचला निघालो. मागच्यांनीही पट्टे लावल्याशिवाय गाडी हलली नाही. साडीची इस्त्री मोडते या काकूंच्या हरकतीला "कायदा आहे" एवढंच उत्तर मिळालं. ताम्हिणीत पळस पेटला होता, पांगाराही लालभडक झाला होता. आम्ही बाहेर बघत होतो. काका इंजिनच्या तापमानाच्या काट्याकडे.

उतार लागला तसे काका पुढे सरसावले. "ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. नुसत्या ब्रेकवर उतरलास तर ब्रेक तापतात, आणि ऐन वळणावर दगा देतात."

"बाबा, गाडी ऑटोमॅटिक आहे."

"उतार पण ऑटोमॅटिक आहे!"

जावयांनी मुकाट्याने खालचा गिअर टाकला. खाली पोचेपर्यंत दोन गाड्या कडेला थांबलेल्या दिसल्या, चाकांतून जळका वास येत होता. ही माणसं असह्य होतात ती इथेच. चुकली असती तर आपण प्रेमाने हसलो असतो.

वेळासला मुक्काम गावकऱ्यांच्याच घरी असतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली इथे कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं, आणि आता सगळं गावच त्यात आहे. संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर दोरीमागे उभे राहिलो. कार्यकर्त्याने टोपलीतली पिल्लं वाळूवर सोडली. तळहातावर मावतील एवढी, ऑलिव्ह रिडलेची. ती धडपडत थेट लाटांकडे निघाली.

"यांच्याबरोबर मोठं कोणी नाही?" काकांनी विचारलं.

"नाही काका. आई अंडी घालते, वाळूने झाकते आणि त्याच रात्री परत जाते."

"मग रस्ता कोण सांगतं?"

"कोणी नाही."

काकांनी खिशातून वही काढली आणि लिहिलं: पिल्ले चौदा. निघाली ६.१०. पूर्वतयारी शून्य. मग थोडा विचार करून त्यांनी कार्यकर्त्याला बाजूला घेतलं आणि उद्याच्या भरतीची वेळ विचारली.