माननीय कलम १३ यांस अनावृत पत्र

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, या वाड्यात कलम १२ आणि कलम १४ यांच्या मधल्या खोलीत मुक्काम असलेले माननीय कलम १३ यांस, सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या हातून गेली कित्येक वर्षे एक मोठे कार्य घडत आहे आणि त्याबद्दल आपला जाहीर सत्कार कोणी केल्याचे ऐकिवात नाही. परदेशात मोडलेली लग्ने आपण इथे टिकवून धरता. एरवी संसार टिकावा म्हणून वडीलधाऱ्यांना बैठका घ्याव्या लागतात, समुपदेशक नेमावे लागतात, मामा-काकांना रजा काढून यावे लागते. आपल्याला मात्र सहा अपवादांची एक यादी पुरते. बर्मिंगहॅमच्या कोर्टाने ज्यांची फारकत केली, असे दोघे मुंबईच्या विमानतळावर उतरले की पुन्हा नवरा-बायको ठरू शकतात. सप्तपदीला सात पावले तरी चालावी लागतात. इथे इमिग्रेशनची रांग पुरते.

लग्नाला सीमा ओलांडताना फारसे पायात काही येत नाही, हे आपण पाहतच असाल. महापालिकेच्या विवाह नोंदणीच्या दाखल्यावर अपॉस्टिलचा शिक्का बसला की तो दाखला निम्म्या जगात चालतो. ही सोय भारतात २००५ पासून आहे. परदेशात लग्न लावायचे तर १९६९ चा विदेशी विवाह कायदा आहे, वकिलातीत विवाह अधिकारी आहे. (दोन पुरुषांचे किंवा दोन स्त्रियांचे परदेशातले लग्न मात्र आपल्याकडे मुळात लग्नच धरले जात नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतरही त्यांना थांबायलाच सांगितले आहे, ते वेगळे पत्र होईल.) परदेशातला घटस्फोट मान्य करायला मात्र स्वतंत्र कायदा नाही, म्हणून तो सगळा भार आपल्या खांद्यावर आला. आपण तर मूळचे सर्वसाधारण दिवाणी वळणाचे. परकी निवाडा पक्षकारांवर बंधनकारक, असे म्हणून आपण लगेच सहा अपवाद जोडता: कोर्टाला अधिकार नसेल, निकाल गुणदोषांवर नसेल, आंतरराष्ट्रीय कायद्याचा चुकीचा अर्थ लावला असेल किंवा लागू असलेला भारतीय कायदा मानला नसेल, नैसर्गिक न्याय डावलला असेल, कपट असेल, किंवा भारतातल्या कायद्याच्या भंगावर उभा असलेला दावा मान्य केला असेल. बुडीत उधारीच्या खटल्याला हे छान शोभते. आपले चुलतभाऊ कलम ४४-क तर ठरावीक देशांचे हुकूमनामे थेट बजावून देतात, पण फक्त पैशांचे. संसार पैशात मोजता येत नाही हे कायद्याने इतके मनावर घेतले असेल असे वाटले नव्हते.

आता आपली कीर्ती कुठून सुरू झाली ते आठवू या. १९५५ साली जालंधरला एक लग्न झाले. नवरा १९५९ मध्ये अमेरिकेला गेला, युटामध्ये शिकला, तिथेच नोकरीला लागला आणि १९६४ मध्ये शेजारच्या नेवाडा राज्यातून घटस्फोट घेऊन आला. नेवाडाने १९३१ पासून सहा आठवड्यांच्या रहिवासावर काडीमोड देण्याचा उद्योगच उघडला होता. रीनो गावात हॉटेले त्यावर चालत, आणि मोकळ्या झालेल्या बायका पुलावरून ट्रकी नदीत अंगठ्या फेकतात अशी दंतकथा होती. इकडे बायकोने जालंधरच्या कोर्टात पोटगी मागितली, तेव्हा नवऱ्याने तो नेवाडाचा कागद पुढे केला. उच्च न्यायालयाने तो मान्य केला. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयात न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी तो झिडकारला, कारण हा गृहस्थ नेवाडाचा रहिवासी कधी नव्हताच. त्याने त्या कोर्टाला फसवून अधिकार मिळवला होता. कारण एवढेच होते, कपट. घटस्फोट कोणत्या सबबीवर दिला याच्याशी त्या निकालाला काही कर्तव्य नव्हते. हे महोदयांनी नीट लक्षात ठेवावे, पुढे उपयोगी पडेल.

सबब आली १९९१ मध्ये. तिरुपतीला लागलेले लग्न, आणि मिसुरी राज्यात नव्वद दिवसांच्या रहिवासावर, लग्न सावरण्यापलीकडे मोडले या सबबीखाली मिळवलेला घटस्फोट. नवऱ्याने दुसरे लग्न केले, पहिलीने द्विभार्येची फिर्याद केली. न्या. पी. बी. सावंत यांच्या निकालाने तो घटस्फोट नाकारला, आणि योग्यच केले. रहिवासाच्या खोटेपणावर प्रकरण तिथेच मिटवता आले असते. पण न्यायालयाला एका खटल्यापुरते नव्हे, सगळ्यांसाठी निश्चित नियम हवा होता आणि संसद तो देत नव्हती, म्हणून आपल्याच मजकुरातून नियम काढला गेला. ज्या कायद्याने लग्न लागले, त्याच कायद्याने मान्य केलेले कोर्ट आणि त्याच कायद्यातली सबब असेल तरच परका घटस्फोट चालेल. सूट फक्त तीन. प्रतिवादी तिथेच कायमचा राहत असेल आणि सबब आपल्या कायद्यातली असेल; किंवा त्याने स्वखुशीने हजर राहून, आपल्याच सबबीवर खटला लढवला असेल; किंवा त्याने संमती दिली असेल. त्याच निकालात नैसर्गिक न्यायाचाही असा खणखणीत अर्थ लावला आहे की वाचून समाधान वाटते: समन्स पोहोचले एवढ्यावर भागणार नाही, समोरच्याला खरोखर लढता यावे म्हणून, गरज असेल तिथे, प्रवास, राहणे आणि वकील यांचा खर्चही दावा लावणाऱ्याकडून करवून घेतलेला असावा.

महाराज, माझी तक्रार त्या निकालातल्या या दुसऱ्या भागाबद्दल नाही. तक्रार आहे ती सबबीच्या चाळणीबद्दल, जी आपल्या नावावर खपते आहे. १९९१ साली ती शहाणपणाची वाटली असेल. पण त्यानंतर बऱ्याच जगाने सबबी विचारणेच सोडून दिले. कॅलिफोर्निया १९७० मध्येच तिकडे गेला होता. ६ एप्रिल २०२२ पासून इंग्लंडच्या अर्जातही 'आमचे लग्न सावरण्यापलीकडे मोडले आहे' एवढे निवेदन पुरते, छळ लिहायला रकानाच नाही. आता समजा, पिंपरीची एक मुलगी लग्न होऊन लेस्टरला गेली. नवऱ्याने मारहाण केली म्हणून तिने तिथल्या कोर्टात अर्ज केला. नवरा वर्षानुवर्षे लेस्टरचाच रहिवासी. त्याने ना विरोध केला, ना संमती दिली. पेपर वाचत बसला. हुकूमनामा मिळाला. पण 'मोडलेले लग्न' ही सबब १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नाही, म्हणून पहिली सूट गेली. तो लढला नाही म्हणून दुसरी गेली. संमती नाही म्हणून तिसरी. ती पुण्याला परतली की पुन्हा त्याचीच बायको. तिने दुसरे लग्न केले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेची टांगती तलवार. 'मी कोणाची कोण?' हे ठरवून घ्यायला तिने कुटुंब न्यायालयात वेगळा दावा लावायचा. टाकलेल्या बायकोसाठी घडवलेली ढाल नेमकी टाकणाऱ्याच्या हातात गेली, आणि त्याला त्यासाठी काही करावे लागले नाही, हे विशेष.

यातली मौज अजून पुढे आहे. १ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ठरवले की संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली ते स्वतः, लग्न सांधण्यापलीकडे मोडले आहे याच कारणावर, घटस्फोट देऊ शकतात. म्हणजे जी सबब मिसुरीच्या कोर्टातून आली की परकी, तीच दिल्लीतून दिली की पूर्ण न्याय. विधी आयोगाने १९७८ मध्ये ही सबब कायद्यात घालायला सांगितले होते, २००९ मध्ये पुन्हा सांगितले. राज्यसभेने २०१३ मध्ये विधेयक मंजूरही केले आणि मग ते विरून गेले. तरीही परका न्यायाधीश जर आपल्या कायद्यात नसलेली सबब वापरत असेल तर तो दोष त्याचा, असे आपण कोणत्या तोंडाने सांगता?

आपले चाहते म्हणतील, सबबीची चाळणी काढली की पुन्हा नेवाडाचे दार उघडेल. म्हणूनच वर म्हटले, १९७४ चा निकाल लक्षात ठेवा. नेवाडाचे दार बंद केले ते रहिवासाच्या खोटेपणाने. मिसुरीही त्यावरच पडले असते. खरा, मुदतीचा रहिवास आणि लढण्याची खरी संधी या दोन अटी पक्क्या ठेवल्या तर पळून गेलेल्या नवऱ्याचा एकतर्फी कागद आजही इथे मरेल. दुसरे म्हणतील, हिंदू विवाह हा संस्कार आहे, परक्या कोर्टाने त्यावर कलम का चालवावे? संमतीने घटस्फोट देणारे हिंदू विवाह कायद्याचे कलम १३-ख आपल्या संसदेने १९७६ मध्ये स्वतःच घातले. तेव्हा संस्काराने हरकत घेतली नाही. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही: घटस्फोट मान्य केला की इथे मागे राहिलेल्या बाईची पोटगी बुडेल. पण बायकोपण आणि पोटगी यांची गाठ कोणी मारली? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये घटस्फोटित, पण पुन्हा लग्न न केलेली स्त्री 'पत्नी'च धरली आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये, गंमत म्हणजे नेवाडाच्याच एका एकतर्फी घटस्फोटाच्या खटल्यात, लग्न संपले पण न्यूयॉर्कची पोटगी शाबूत, असे सांगून दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. इंग्लंडने तर १९८४ मध्ये कायदाच केला, की परदेशात घटस्फोट झाला तरी आर्थिक हक्क आमच्या कोर्टात मागता येतील. तिला रोख हक्क द्या. नावापुरता नवरा कशाला देता?

जग आपल्यासारखेच आहे, असे म्हणाल तर अर्धे मान्य. पोर्तुगालसुद्धा परका घटस्फोट आंधळेपणाने घेत नाही. लिस्बनच्या नोंदवहीत आपला जन्म चढवून पोर्तुगीज झालेल्या आणि तिथे लग्नही नोंदवलेल्या गोवेकराने गोव्यात काडीमोड घेतला, तर तो तिथल्या अपील न्यायालयाकडून कायम करून आणावा लागतो. पण तिथे निदान त्यासाठी दार आहे, खिडकी आहे, ठरलेला अर्ज आहे. आपल्याकडे न्या. गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने १९७६ मध्ये पासष्टावा अहवाल फक्त परक्या घटस्फोटांच्या मान्यतेवर दिला होता. मग २०१९ मध्ये अनिवासी भारतीयांच्या लग्नाची तीस दिवसांत नोंदणी करायला लावणारे विधेयक आले, ते लग्नाचे, घटस्फोटाचे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये २८७ व्या अहवालाने पुन्हा सर्वंकष कायदा मागितला. आपण मात्र त्याच खोलीत, त्याच यादीसह.

उत्तर पाठवणार असाल तर एक विनंती आहे. दाखल्याशिवाय छायाप्रत पाठवू नये. मिसुरीच्या हुकूमनाम्याची फोटोस्टॅट प्रत, तिच्यावर भारत सरकारच्या तिथल्या प्रतिनिधीचा दाखला नव्हता म्हणून, १९९१ मध्ये पुराव्यात चालली नव्हती. सही-शिक्क्याची प्रमाणित प्रत हवी.

कळावे,
आपला,
एक करदाता